तुम्ही विचारलंत म्हणून: माणसांना कोंडणारं यंत्र, हाताशी असलेल्या पैशांत

‘चार जण रात्री एका बंद ऑफिसात शिरतात. तिथली यंत्रणा दारं लावून घेते आणि त्यांना बाहेर पडू देत नाही. असा थरारपट आपल्याला परवडेल का?’ दोन-तीन शॉर्ट फिल्म करून मोकळी झालेली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. परवडतो. एक इमारत, चार नट आणि एक आवाज एवढ्यावर उभा राहणारा हा प्रकार आहे. पण कॅमेरा कुठला घ्यायचा हे नंतर. आधी यंत्राला काय करता येत नाही, ते ठरवा. बहुतेक पटकथा इथेच गाळात रुततात. यंत्राला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं, सगळं जमतं. मग त्या चौघांना ते पहिल्या पाच मिनिटांत का संपवत नाही, याला लेखकाकडे उत्तर नसतं.

म्हणून इमारतीचा नकाशा काढा आणि त्यावर वायरी काढा. जिथवर वायर पोचली, तिथवरच यंत्राची सत्ता: कॅमेरे, दारांची कुलुपं, लिफ्ट, एसी, दिवे, छतातले स्पीकर. लाकडी दाराची साधी कडी त्याला लावता येत नाही, खुर्ची हलवता येत नाही. ते माणसांना का धरून ठेवतं, हेही वायरीतूनच काढा. उदाहरणार्थ, मालक सांगेपर्यंत आत शिरलेल्याला सोडायचं नाही, हा त्याचा नियम. चोरांनी अलार्म बाहेर जाऊ नये म्हणून फायबरची केबल आधीच कापलेली. आता ‘सोड’ असं सांगू शकणारा एकमेव माणूसही त्यांनीच तोडला. यंत्राला दुष्ट हेतू द्यायची गरजच उरत नाही, आणि ते जास्त भीतिदायक होतं.

आता कुलूप. ऑफिसच्या काचेच्या दाराला वरच्या चौकटीत जी लांबट धातूची पट्टी असते, ते चुंबकी कुलूप. नेहमीचं कुलूप १२ व्होल्ट डीसीवर चालतं, साधारण अर्धा अँपिअर ओढतं आणि सुमारे २८० किलोचा जोर धरून ठेवतं. दोघांनी मिळून खेचलं तरी ते हलत नाही. पण वीज आहे तोवरच ते धरतं. वीज गेली की दार सुटतं. प्रेक्षकांतला वायरमन पहिल्या पाच मिनिटांत म्हणणार, ‘अरे, मेन पाडा की!’ तर त्यांना मेन पाडू द्या. दार सुटत नाही, कारण फॉल्स सीलिंगमधल्या पॅनेलच्या पेटीत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. एका कुलपाला ती कागदावर १४ तास पुरते. चार कुलपं तिच्यावर टाकली तर साडेतीन तास, आणि बॅटरी जुनी असेल तर त्याहून बरंच कमी. घड्याळाचा क्लोजअप न दाखवता सिनेमाला मुदत मिळाली: बॅटरी उतरेपर्यंत जगायचं.

दाराशेजारची हिरवी पेटी विसरू नका. आणीबाणीत ती दाबली की कुलपाची वीज थेट तुटते. सॉफ्टवेअरला कोणी विचारत नाही. ती न दाखवता दार बंद ठेवलंत, तर इमारतींत काम करणारा प्रत्येक माणूस तुमच्यावरचा विश्वास गमावेल. ती दाखवा, पात्राला दाबू द्या, आणि रिनोव्हेशनच्या वेळी कुणी वायरमनने ती बायपास करून ठेवली होती, हे उघड्या पेटीतल्या एका जोडलेल्या वायरीवरून कळू द्या. तीन सेकंदांचा शॉट आहे, संवाद लागत नाही. फायर अलार्मचं तसंच. नीट जोडलेली यंत्रणा आग लागली की दारं सोडते आणि लिफ्ट तळमजल्यावर नेऊन उघडी ठेवते. म्हणजे कागद पेटवून डिटेक्टरखाली धरणं ही पात्रांची रास्त चाल आहे. तिला जागा द्या. दारं सुटावीत, चौघं खाली धावावेत आणि तिथं रस्त्याकडचं मोटरचं शटर उतरलेलं असावं.

सेन्सरच्या मर्यादेतून तर अख्खा प्रसंग निघतो. हालचाल ओळखणारा छतातला सेन्सर अंगाची उष्णता आणि मागची भिंत यांतला फरक पकडतो. काचेपलीकडचा माणूस त्याला कळत नाही. नागपूरच्या मे महिन्यात चौघांना हैराण करायला यंत्राने एसी बंद केला आणि खोली ३५ अंशांवर गेली, की तो फरक जवळजवळ पुसला जातो. यंत्राने दिलेल्या शिक्षेनेच त्याचे सेन्सर मंदावतात.

सर्व्हर रूममधला आग विझवणारा गॅस वापरायचा मोह सगळ्यांना होतो. एचएफसी २२७ या गॅसचं प्रमाण ७ ते ९ टक्के ठेवतात. त्याने माणूस मरत नाही. कार्बन डायऑक्साइडची यंत्रणा असेल तर मात्र खोलीत किमान ३४ टक्के गॅस भरतो, आणि १० टक्क्यांच्या वरच माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. गॅस सुटण्याआधी भोंगा वाजतो, दिवा लुकलुकतो. ती मधली वेळ म्हणजे तुमचा प्रसंग.

जागा एकच असली तरी बिघडत नाही. १९९७ च्या ‘क्यूब’ या कॅनडातल्या सिनेमात खोल्यांचा अंत नसलेला चक्रव्यूह दिसतो. मुख्यतः एकच खोली बांधून, भिंतींच्या पॅनेलचे रंग बदलून तो उभा केला होता. तुम्ही एक कॉरिडॉर घ्या. मजल्याचा आकडा, नोटीसबोर्ड, कुंडी आणि ट्यूबचा रंग बदला. तीन मजले झाले. खिडक्यांना दुहेरी काळं कापड लावलं की दिवसाही रात्र शूट होते आणि युनिटला रात्रपाळीचा थकवा येत नाही.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. २५ फ्रेमवर शूट करा, शटर १/५० ठेवा. २४ फ्रेमच हवे असतील तर शटर १७२.८ अंश, म्हणजे तेही १/५० सेकंदच; नाहीतर ऑफिसच्या ट्यूब फडफडतात. मॉनिटरची ब्राइटनेस कमी केली की पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात, कारण बॅकलाइट वेगाने चालू-बंद होऊ लागतो. ब्राइटनेस पूर्ण ठेवा, रिफ्रेश ५० हर्ट्झ करा आणि एक्स्पोजर कॅमेऱ्यात उतरवा.

यंत्राच्या नजरेचे शॉट खऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याने आणि डीव्हीआरवर घ्या. अंधारातलं इन्फ्रारेडचं करडं चित्र आणि चमकणारे डोळे एडिटिंगमध्ये तितके खरे करता येत नाहीत. फक्त चित्रावरची तारीख-वेळ बंद करून ठेवा आणि एडिटमध्ये टाका. नाहीतर सीन मागे-पुढे केलात की घड्याळ खोटं बोलतं.

सगळ्यात जास्त वेळ आवाजाला द्या. रोबोटचा इफेक्ट लावू नका. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मधल्या हॅल या संगणकाचा आवाज डग्लस रेन या रंगभूमीवरच्या नटाचा होता, आणि त्याचा समतोलच अंगावर येतो. मराठीत यंत्राने सुरुवात लिफ्टमधल्या सूचनेसारखी करावी, ‘कृपया दारापासून दूर राहा.’ चिडल्यावर आवाज चढवू नये. फक्त ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यावं, तेही एकाच पात्राशी. रेकॉर्डिंग गोधड्या टांगलेल्या खोलीत, माइक वीतभर अंतरावर ठेवून करा. मग तोच ट्रॅक लोकेशनवर छतातल्या स्पीकरमधून वाजवा आणि दहा फुटांवरून पुन्हा रेकॉर्ड करा. कॉरिडॉरमध्ये दुसरा वापरा. एकट्या माणसाशी बोलताना हळूहळू पहिल्यावर या, म्हणजे आवाज कानात शिरल्यासारखा वाटतो. शूटच्या वेळी आवाजाचा नट शेजारच्या खोलीतून लाइव्ह बोलला तर प्रतिक्रिया खऱ्या येतात, पण वाक्यं एकमेकांवर चढू देऊ नका. चढलेलं वाक्य वेगळं करता येत नाही. संवादाच्या वेळी एसी बंद ठेवा. प्रत्येक खोलीची मिनिटभर शांतता वेगळी घ्या.

शेवटी, खऱ्या धोक्यांबद्दल. शूटिंगमध्ये कुलुपाला वीज देऊ नका. नटाने जोर लावल्याचा अभिनय करावा आणि दार खरोखर उघडं असावं. बंद खोलीत धुरासाठी ड्राय आइस वापरू नका. तो कार्बन डायऑक्साइडच असतो, जड असल्याने जमिनीलगत साठतो, आणि तिथंच तुमचा बेशुद्ध पडलेला नट आडवा असतो. पाण्यावर चालणारं फॉग मशीन घ्या. त्यानेही डिटेक्टर वाजतात, म्हणून इमारतीच्या व्यवस्थापकाला आधी लेखी कळवून तेवढ्याच भागातले डिटेक्टर, म्हणजे तेवढाच झोन, बंद करून घ्या, एक माणूस अग्निशामक सिलिंडर घेऊन उभा ठेवा, आणि पॅकअपनंतर झोन पुन्हा चालू झाल्याचं त्यांच्या रजिस्टरमध्ये लिहून घेतल्याशिवाय निघू नका.