हलगी किती वर ठेवायची?

आषाढ, मंगळवार. रात्री साडेअकरा.

बाहेर पावसानं धरलंय. अशा हवेत कातड्याची हलगी कोल्हापुरात कुणाचंच ऐकत नाही. शेकोटीवर शेकून आत आणली तरी थोड्या वेळात कातडं उतरायला लागतं. पहिला टेक कणकणीत आणि चौथा ढब्ब. मग रेकॉर्डिस्ट पहिल्या टेकचं तोंड चौथ्याच्या अंतऱ्याला जोडतो, जोड कानाला खुपतो आणि जुंपते. हलगीवाला म्हणतो, "आवाज मारलास." रेकॉर्डिस्ट म्हणतो, "तू वाजवलंसच तसं, भावा." चूक दोघांचीही नाही, हवेची आहे. शेगडी स्टुडिओच्या दारात ठेवावी, दर टेकच्या आधी शेकावं आणि एका शेकात गाणं सलग एकदाच घ्यावं. जोडायचंच झालं तर शेकल्यानंतर तेवढ्याच वेळानं वाजलेले तुकडे एकमेकांना जोडावेत.

अल्बमच्या वेळची निम्मी भांडणं 'फील'च्या नावाखाली होतात आणि मुळात मोजता येणाऱ्या गोष्टींची असतात, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय.

पेटीचंच घ्या. पेटी 442 ला लागलेली, म्हणजे तिचा 'ए' सूर सेकंदाला 442 कंपनांचा, आणि गिटारवाल्याचा ट्यूनर 440 वर. फरक जेमतेम आठ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). पण त्या पट्टीत दोघांनी लांब सूर धरला की सेकंदाला दोन लाटा येतात आणि खापर फुटतं गायकाच्या डोक्यावर. पेटीच्या आतल्या धातूच्या जिभा घासून सूर बदलणं हे त्या दिवशी व्हायचं काम नव्हे. ट्यूनरचा आकडा 442 करावा, सगळ्या तारा त्यावर लावाव्यात, विषय संपला. पट्टीचा वादही असाच. घरी हळू आवाजात केलेला डेमो काळी एकमध्ये बरा वाटतो, माइकसमोर गळा मोकळा सोडला की त्याच माणसाला काळी दोन हवी असते. म्हणून गिटार रेकॉर्ड करायच्या आधी अख्खं गाणं उभं राहून, पूर्ण आवाजात दोनदा गाऊन बघावं. अल्लादियाखाँसाहेबांसारखा गवई जिथं राहिला त्या कोल्हापुरात पट्टी कुणी ठरवायची हे विचारायला लागू नये. ती गाणाऱ्यानं ठरवायची.

लयीचं जरा अवघड. कार्यक्रमात समोर माणसं नाचत असतात, गाणं आपोआप पळतं आणि तोच वेग हाताला बसतो. 256 मात्रांचं गाणं मिनिटाला 96 मात्रांच्या लयीत 160 सेकंदांत होतं, 100 वर 153.6 सेकंदांत. जवळजवळ साडेसहा सेकंद म्हणजे काही फार नाही, पण शब्दांनी गच्च भरलेल्या अंतऱ्यात श्वासाची जागा नेमकी तिथंच जाते. क्लिक, म्हणजे कानात वाजणारी लयीची टिकटिक, अख्ख्या गाण्याला एकच ठेवायला हवा असं कुणी सांगितलंय? अंतरा 96, शेवटचं ध्रुपद 99, असा नकाशा आधी करून घेता येतो. आणि हलगी क्लिकच्या कणभर आधी पडत असेल तर तिला ओढून रेषेवर बसवू नये. रेषेवर आली की हलगीची रग जाते. बेस तिच्याकडं सरकवावा.

आता खरा तंटा. मिक्सला, म्हणजे सगळ्या वाद्यांचा आणि गळ्याचा तोल बसवताना, चौघं मागं बसतात आणि प्रत्येकाला स्वतःचं वाद्य 'थोडं वर' हवं असतं. प्रत्येकी दीड डीबी (डेसिबल) असे चार फेरे झाले की सगळंच सहा डीबी वर जातं, मास्टरचा, म्हणजे एकूण आवाजाचा, काटा लाल होतो, आणि तोल पहिल्यासारखाच. नियम एकच: वर मागायचं नाही, कुणाला खाली घ्यायचं ते सांगायचं. दुसरं म्हणजे जे मिक्स एका डीबीनंही मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं. दोन मिक्स तोलताना आवाज आधी सारखा करावा, नाहीतर मोठं वाजलेलंच जिंकतं. हलगीचा कडकडाट आणि शब्दांची व्यंजनं साधारण 2 ते 5 किलोहर्ट्झच्या एकाच गल्लीत भांडतात. अख्खी हलगी खाली ओढायची गरज नसते, गळा चालू असताना तिच्यातून 3 किलोहर्ट्झच्या आसपास तीनेक डीबी काढली तरी शब्द मोकळे होतात.

एवढं करूनही उरतो तो आवडीचा मतभेद, आणि तो असावाच. तिथं मिक्सना नुसती क, ख, ग अशी नावं देऊन, एकमेकांशी न बोलता कागदावर मत लिहावं. तरीही बरोबरी झाली तर ज्याची चाल त्याचा शब्द शेवटचा. मताधिक्यानं मिक्स केलेलं गाणं मला तरी मिळमिळीत लागतं.

राहिलं नावाचं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शब्द वेगळे, चाल वेगळी आणि ध्वनिमुद्रण वेगळं. ध्वनिमुद्रणाचा हक्क सुरुवातीला निर्मात्याचा, म्हणजे ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली त्याचा. ज्या ठेक्यामुळं गाणं ओळखलं जातं तो बसवणाऱ्याला चालीत किती वाटा, हे आपल्यातच ठरवून लिहून ठेवावं लागतं. गाणं बसलं त्याच दिवशी एक कागद: शब्द, चाल, ध्वनिमुद्रण, प्रत्येकाची टक्केवारी, प्रत्येक रकान्याची बेरीज 100, तारीख, सगळ्यांच्या सह्या. आणि हे जेवणाआधी. एकदा तांबडा-पांढरा समोर आला की कागदाकडं कोण बघतंय.