थॉम्पसनच्या पावलांची काळजी आणि विनिपेगचे सभागृह

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताच्या विधानसभेत दुपारची प्रश्नोत्तरे आटोपली की विनंती अर्जांची वेळ येते. एक आमदार उभा राहतो आणि हातातला कागद वाचू लागतो. त्याची सुरुवात ठरलेली असते: अर्ज मॅनिटोबाच्या विधानसभेला उद्देशून आहे आणि त्याची पार्श्वभूमी पुढीलप्रमाणे आहे. मग क्रमाने मुद्दे, मग सरकारकडे केलेली मागणी, आणि शेवटी सही करणाऱ्यांपैकी दोन-तीन जणांची नावे व ‘इतर अनेक मॅनिटोबावासी’. नियमानुसार अर्ज सभागृहाला मिळाला असे अध्यक्ष जाहीर करतात आणि पुढच्या आमदाराचे नाव पुकारले जाते. त्यावर चर्चा होत नाही, मतदानही होत नाही. प्रश्नोत्तरांतील खडाजंगी ऐकायला आलेले लोक एव्हाना उठून गेलेले असतात, पण माझ्या मते या सभागृहात ऐकण्यासारखे जे काही असते, त्यातले बरेचसे याच वेळेत ऐकायला मिळते.

याचे कारण प्रांताच्या रचनेत आहे. 2021 च्या जनगणनेनुसार मॅनिटोबाची लोकसंख्या सुमारे 13 लाख 42 हजार होती आणि त्यातील निम्म्याहून अधिक माणसे एकट्या राजधानी विनिपेगमध्ये व त्याच्या लगतच्या परिसरात राहतात. विधानसभेच्या 57 जागांपैकीही निम्म्याहून अधिक याच शहराच्या वाट्याला येतात. अशा ठिकाणी सातशे किलोमीटर दूरच्या गावाची अडचण अंदाजपत्रकाच्या चर्चेत सहज विरून जाते. विनंती अर्जाला मात्र पंधरा सह्या पुरतात, आणि पंधरा सह्या अगदी लहान वस्तीतही मिळतात.

थॉम्पसन या गावाच्या एका अर्जाने मला या प्रथेचे मोल कळले. निकेलच्या खाणीभोवती वसलेले हे गाव विनिपेगच्या उत्तरेला सुमारे 760 किलोमीटरवर आहे. अंतर मुंबई-नागपूरएवढे, पण वाटेत नाशिक नाही, औरंगाबाद नाही. आहे ते जंगल, तळी आणि हिवाळ्यात बर्फाने माखलेला सहा क्रमांकाचा महामार्ग. अर्जाचा विषय होता पावलांची वैद्यकीय निगा. मधुमेह ज्यांच्या घरात आहे त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पाऊल बधिर झालेले असते, नजर अधू झालेली असते, वाकून नखे कापता येत नाहीत, आणि कापताना झालेली लहानशी जखम दुखतच नाही, म्हणून चिघळेपर्यंत लक्षात येत नाही. हे काम करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका नखे कापतात, भोवऱ्या व घट्टे काढतात आणि तळव्याची त्वचा निरखून वेळीच इशारा देतात. उत्तर मॅनिटोबातील मूळनिवासींच्या वस्त्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण मोठे आहे, आणि थॉम्पसन हे त्या वस्त्यांचेही उपचाराचे केंद्र आहे.

अर्जात नोंदवले होते की प्रादेशिक आरोग्य यंत्रणा ही सेवा 2019 पर्यंत देत होती, आणि शेवटच्या दोन परिचारिका निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागा न भरता सेवाच बंद करण्यात आली. गावात पंचावन्नच्या पुढची माणसे सुमारे 2,500, त्यांतील बऱ्याच जणांचे उत्पन्न तुटपुंजे. उलट विनिपेग शहरात अशी 14 केंद्रे. उपचार न मिळाल्यास पाय कापावा लागण्याची वेळ येऊ शकते, हेही अर्जात स्पष्ट लिहिले होते. यात कोठेही आरडाओरड नव्हती. दोन परिचारिका निवृत्त झाल्या आणि एका गावाची सेवा संपली, ही गोष्ट सरकारच्या कोणत्याही पत्रकात इतक्या सरळ भाषेत आली नसती.

थॉम्पसनच्या आमदार डॅनियल अ‍ॅडम्स डिसेंबर 2021 मध्ये विनिपेगकडे येत असताना रस्त्यावरील अपघातात मृत्युमुखी पडल्या. त्या अवघ्या 38 वर्षांच्या होत्या. उत्तरेच्या लोकप्रतिनिधीला सभागृहात पोहोचण्यासाठीच केवढे अंतर तुडवावे लागते, हे त्या बातमीने विनिपेगमध्ये बसलेल्या आम्हा सर्वांना फार कठोरपणे जाणवून दिले.

सेवांइतकीच शुल्कांचीही तक्रार असते. सरकारी मालकीची कुरणे भाड्याने घेऊन गुरे पाळणारी अनेक कुटुंबे या प्रांतात आहेत. 2019 मध्ये नियम बदलले: पन्नास वर्षांचा भाडेपट्टा पंधरा वर्षांवर आला, नवे पट्टे जाहीर लिलावाने देण्याचे ठरले आणि भाड्याचे सूत्र बदलल्याने पुढील काही वर्षांत दर बरेच चढले. पन्नास वर्षांचा पट्टा म्हणजे मुलाला सांगता येते की तूही हाच धंदा कर. पंधरा वर्षांत मात्र कुंपण आणि पाणवठ्यावर केलेला खर्चही वसूल होईल की नाही याची धास्ती राहते. पशुपालकांनी हा विषय लावून धरला, आणि पुढे सरकारने भाड्यात काही वर्षांसाठी सवलत जाहीर केली. ती केवळ अर्जांमुळे मिळाली असे मी म्हणणार नाही, परंतु लोक शांत बसले असते तर ती मिळाली नसती, याविषयी मला शंका नाही.

महाराष्ट्रातून येणाऱ्या विद्यार्थ्यांशी थेट संबंध असलेली एक गोष्टही येथे सांगायला हवी. परदेशी विद्यार्थ्यांना 2012 पासून मिळत असलेले सरकारी आरोग्य संरक्षण मॅनिटोबाने सप्टेंबर 2018 पासून काढून घेतले. तेव्हापासून विद्यार्थ्यांना खासगी विम्याचा हप्ता भरणे भाग पडले, आणि ते संरक्षण परत मिळावे ही मागणीही विधानसभेपर्यंत गेली. ज्यांना मतदानाचा हक्क नाही अशा मुलांची बाजू सभागृहाच्या वृत्तांतात नोंदली जाते, ही मला मोठी गोष्ट वाटते.

या पद्धतीत एक उणीव मात्र आहे आणि ती मला सलते. कॅनडाच्या संसदेत सादर झालेल्या विनंती अर्जाला सरकारने 45 दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावे लागते. मॅनिटोबात अर्ज वाचला जातो, वृत्तांतात छापला जातो, तोच अर्ज दुसऱ्या दिवशी दुसरा आमदार पुन्हा वाचतो, आठवडेच्या आठवडे वाचतो, पण संबंधित मंत्र्याने तिथल्या तिथे उठून उत्तर द्यावे अशी प्रथा नाही. सही करणाऱ्या आजीबाईंना आपले नाव सभागृहात घेतले गेले एवढे कळते. परिचारिका कधी येणार हे कळत नाही.

आपल्या महाराष्ट्र विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहे. ती अर्जाची छाननी करू शकते, खात्याकडून माहिती मागवू शकते आणि सभागृहाला अहवाल देऊ शकते. तरीही गावचे निवेदन बहुधा तहसीलदाराच्या टेबलावरच्या आवक शिक्क्यापाशी थांबते, आणि या समितीची वाट फारच थोड्यांना ठाऊक असते. गडचिरोलीच्या एखाद्या आरोग्य उपकेंद्रातील रिकाम्या जागेबद्दलचा अर्ज, सही करणाऱ्यांच्या नावांसकट, मुंबईत किंवा नागपूरच्या अधिवेशनात शब्दशः वाचला जावा आणि मग समितीने खात्याला उत्तर विचारावे, असे मला मनापासून वाटते. थॉम्पसनच्या लोकांना त्यातला दुसरा अर्धा भाग हवा आहे.