पाण्याच्या नळाशेजारचा फळा

सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या आपल्या ठाण्याच्या शाळेच्या तळमजल्यावर पाण्याच्या नळांशेजारी एक छोटा फळा होता. दर शनिवारी, सकाळच्या शाळेत, आमच्या मराठीच्या बाई त्यावर एक प्रश्न लिहायच्या. उत्तर सोमवारी द्यायचं. अट एकच, ते कुठल्या पुस्तकातून उतरवून आणायचं नाही. मोजून, बघून नाहीतर ऐकून आणायचं.

त्या काळी सामान्यज्ञान म्हणजे राजधान्या, नद्या आणि चलनं पाठ करणं. तेही आम्ही केलंच. पण आज पंचवीस वर्षांनी माझ्याजवळ जे शिल्लक आहे ते त्या फळ्यावरचं आहे.

नववीतला एक प्रश्न असा होता: "१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी आपल्या ठाण्यात आली. त्या दिवशी वार कोणता होता?" गाडीची बाकी माहिती आम्हाला तोंडपाठ होती. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी; साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. वार मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. रविवारभर मी बाबांच्या जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर मागे मागे मोजत गेले. वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे ५२ आठवडे आणि वर १ दिवस, म्हणून मागे जाताना दर वर्षाला वार एकाने सरकतो आणि लीप वर्ष आलं की दोनाने. सोमवारी अर्ध्या वर्गाचं उत्तर शुक्रवार आलं. बाईंनी आमच्या वह्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि विचारलं, "१९०० साल कसं धरलंत गं?" चारने भाग जातो म्हणून आम्ही ते लीप धरलं होतं. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. २००० लीप होतं, १९०० नव्हतं. आमचा एक दिवस जादा मोजला गेला होता. पहिली गाडी आली तो वार शनिवार.

पुढे नोकरीत समजलं की एक्सेलच्या हिशेबातही २९ फेब्रुवारी १९०० ही कधी न उजाडलेली तारीख आहे. आधीच्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये ती चूक होती, आणि जुन्या फायलींशी आकडे जुळावेत म्हणून ती तशीच ठेवली गेली. जी चूक आम्ही डायरीच्या पानावर केली होती, तीच जगभरच्या कॉम्प्युटरांत बसलेली आहे हे वाचताना मला बाईंचं ते "कसं धरलंत गं?" स्पष्ट ऐकू आलं.

एका शनिवारी बाईंनी आम्हाला ठाण्याच्या कारागृहाच्या भिंतीजवळ नेलं होतं. हा मुळात पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला किल्ला. १७३७ साली तो मराठ्यांनी घेतला आणि पुढे इंग्रजांकडे गेला. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाच्या आरोपावरून पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे कैदेत होते. पहारा मुद्दाम गोऱ्या शिपायांचा ठेवलेला. तरी १८१६ च्या सप्टेंबरात डेंगळे निसटले. सांगतात ते असं, की एक मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा नोकर, खिडकीखाली घोडा फिरवताना मराठीत गाणी म्हणायचा आणि सुटकेचा सगळा बेत त्या गाण्यांतून आत पोचायचा. पहारेकऱ्यांच्या कानावर रोज पडत होतं, कळत काहीच नव्हतं. बाईंनी आम्हाला भिंतीपासून लांब उभं केलं, एका मुलीला गायला सांगितलं आणि किती पावलांपर्यंत शब्द नीट कळतात ते मोजून घेतलं. पावलांचा आकडा विसरले, पण रस्त्यावरच्या गोंगाटात कान टवकारून उभा असलेला आमचा वर्ग आठवतो.

आता गणांची गोष्ट, ती मला सगळ्यांत जवळची. गण म्हणजे कवितेच्या वृत्तातला तीन अक्षरांचा गट; आखूड उच्चाराचं अक्षर लघु, लांब उच्चाराचं गुरू. वृत्तं शिकताना सगळ्यांनीच 'यमाताराजभानसलगा' घोकलं असेल. या ओळीतल्या पहिल्या आठांपैकी कुठलंही अक्षर घ्या, पुढची दोन जोडा, त्या अक्षराच्या नावाचा गण तयार. यमाता म्हणजे लघु गुरू गुरू, हा य गण. मातारा तिन्ही गुरू, हा म गण. फळ्यावर प्रश्न आला: "गण आठच का? सात का नाहीत? नऊ का नाहीत?"

सोमवारी बाईंनी लाल आणि पांढरे मणी आणले. लाल गुरू, पांढरा लघु. तीन जागा, प्रत्येक जागी दोनच शक्यता, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. इथवर आम्ही पोचलो होतो. मग त्यांनी आठ मणी ओवून दोऱ्याची टोकं बांधली: पांढरा, तीन लाल, पांढरा, लाल, दोन पांढरे. शेवटचे ल आणि गा हे सुरुवातीच्या य आणि मा सारखेच, त्यामुळे ओळ वळवली की आपोआप माळ होते. "कुठलेही तीन शेजारी मणी बोटांत धरा," बाई म्हणाल्या. माळ बाकाबाकांवरून फिरली. दर वेळी नवा गण, आठही येतात आणि एकही दोनदा येत नाही. लघु-गुरूंच्या अशा मांडणीचा विचार छंदशास्त्र लिहिणाऱ्या पिंगलाने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी केला होता, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. तास संपल्यावर आम्ही कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो, दाराशी चपला काढल्या, आणि सरांनी शून्य-एक शिकवायला घेतलं. शून्य आणि एक बघितल्याबरोबर मला पांढरा आणि लाल मणी आठवले.

इंजिनिअरिंगला हीच माळ पुन्हा भेटली. डी ब्रुइन या डच गणितज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते, त्याचा निबंध १९४६ चा. फिरत्या चाकावर अशा खुणा केल्या की शेजारच्या तीन खुणा वाचून चाक नेमकं कुठे आहे ते सांगता येतं. प्राध्यापक बोलत होते आणि मी वहीच्या समासात 'यमाताराजभानसलगा' लिहीत होते. त्या क्षणी मला बाईंना भेटायला धावत ठाण्याला यावंसं वाटलं होतं.

आणि कारवी हे डोंगरउतारावरचं झुडूप. सप्टेंबर २००० मध्ये ठाण्याजवळच्या येऊरच्या उतारावर जांभळी-निळी कारवी फुललेली बघायला बाई आम्हाला घेऊन गेल्या. आपल्याकडची कारवी आठ वर्षांनी एकदा, सगळी मिळून फुलते, बी धरते आणि वाळून मरते. पाड्यावर एका आजींनी कारवीच्या काठ्यांचा शेणाने सारवलेला कूड, म्हणजे घराची भिंत, दाखवला. आम्हाला वाटलं, सहल झाली, विषय संपला. पुढच्या जूनमध्ये, दहावीच्या पहिल्याच आठवड्यात, बाईंनी एक वाळकं बोंड टेबलावर ठेवलं आणि पेन्सिलीच्या टोकाने त्यावर पाण्याचा थेंब सोडला. वर्ग गप्प. काही क्षण काहीच नाही. मग टक् करून बोंड फुटलं आणि बी उडून पहिल्या बाकावर पडलं. वर्षभर झाडावर वाळलेलं बोंड पहिल्या पावसाची वाट बघत असतं. फळ्यावर त्या शनिवारी एवढंच होतं: "त्याला पाऊस आल्याचं कळतं कसं?"

२००८ मध्ये कारवी फुलली तेव्हा मी बंगळूरला होते. २०१६ ला मुलगी कडेवर होती. २०२४ ला मात्र आम्ही बाईंनाच गाडीत बसवून येऊरला घेऊन गेलो. चढ त्यांना झेपला नाही, म्हणून खालच्याच वळणावर थांबलो. तिथेही दोन्ही बाजूंना फूल होतं. पावसाआधी परत जाऊन खाली पडलेली पाच बोंडं उचलून आणली. एक मुलीने लगेच बेसिनमध्ये धरून फोडलं.

उरलेली चार पाकिटात कोरडी ठेवली आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी घेऊन येते आहे. नळाशेजारचा फळा अजून असेल तर त्याखालीच टेबल मांडूया, आणि थेंब नववीतल्या कुणीतरी सोडावा.

(माजी विद्यार्थिनी, दहावी मार्च २००२)