फेरी आणि नंतरची वीस मिनिटं

सोमवार, रात्री

मुख्याध्यापक स्वतः फारसं शिकवत नाहीत. आठवड्याला चार-सहा तासिका घेतल्या तरी शाळेतल्या बहुतेक मुलांच्या वहीपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. मग मुख्याध्यापक चांगला असला की मुलं जास्त शिकतात, असं आपण म्हणतो ते कशाच्या जोरावर?

आकडे आहेत. ग्रिसम, इगलाइट आणि लिंडसे यांनी २०२१ साली अमेरिकेतल्या दोन दशकांच्या संशोधनाचा आढावा घेतला. शंभर मुख्याध्यापक कामगिरीनुसार ओळीने उभे केले आणि खालून पंचविसाव्याच्या जागी पंचाहत्तरावा आणला, तर सर्वसाधारण विद्यार्थ्याचं वर्षभरातलं शिकणं गणितात २.९ महिन्यांनी आणि वाचनात २.७ महिन्यांनी वाढतं. शिक्षक बदलला तर फरक याहून थोडा मोठा पडतो, पण तो एका वर्गापुरता. मुख्याध्यापकाचा फरक सगळ्या शाळेला लागू होतो. टेक्सासमधल्या शाळांवर ब्रँच, हानुशेक आणि रिव्हकिन यांचा अंदाज दोन ते सात महिन्यांचा होता, आणि मुख्याध्यापक कच्चा असेल तर तेवढंच नुकसान.

हा परिणाम मुख्यतः शिक्षकांमार्फत पोचतो. म्हणून कोणतंही नवं काम अंगावर घेण्याआधी एक प्रश्न विचारावा: याने कोणत्या शिक्षकाच्या कोणत्या तासिकेत काय बदलेल? उत्तर सुचत नसेल तर ते काम कार्यालयातलं. करावं लागेल, पण त्याला शैक्षणिक नेतृत्व म्हणू नये.

मंगळवार

मुख्याध्यापकाच्या वर्गावर्गांतल्या फेरीबद्दल लिहायचं होतं.

हातात वही, दारात दोन मिनिटं, मागच्या बाकावर एक नजर, की पुढचा वर्ग. 'मोठ्या बाई फिरतायत' म्हटल्यावर मजला शांत होतो, हे खरं. पण वर्ग शांत आहे म्हणजे वर्ग शिकतोय असं नाही. ग्रिसम, लोब आणि मास्टर यांच्या २०१३च्या अभ्यासात अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या मायामी-डेड या शालेय जिल्ह्यातल्या सुमारे शंभर मुख्याध्यापकांची दिवसदिवसभर नोंद ठेवली होती, तीन शालेय वर्षं. अध्यापनाशी संबंधित कामांवर त्यांचा वेळ जात होता जेमतेम १२.७ टक्के, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा अशा धावत्या फेऱ्यांचा. जिथे फेऱ्यांवर जास्त वेळ, तिथे मुलांची प्रगती उलट कमी दिसली. शिक्षकाला हाताशी धरून मार्गदर्शन करणं, त्याचं नीट मूल्यमापन करणं, शाळेचा शैक्षणिक कार्यक्रम बांधणं यांवर वेळ जात होता तिथे ती जास्त होती. फेरीत दोष नाही. फेरीनंतर काहीच घडत नाही, आणि शिक्षकाला ती पाळत वाटते, हा दोष.

म्हणून पाच मिनिटांच्या आठ फेऱ्यांपेक्षा एकाच वर्गात वीस मिनिटं बसावं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे घड्याळ, उजवीकडे काय घडलं. विशेषण एकही नको. 'छान', 'निरस', 'उत्साही' हे शब्द लिहिले की चर्चा शिक्षकाच्या स्वभावावर घसरते. सहावीच्या गणिताच्या तासाचं असं पान डोळ्यांपुढे आणू. विषय अपूर्णांकांची बेरीज.

१०:१२. "तीन छेद चार अधिक एक छेद दोन किती?" पहिल्या बाकावरून हात. उत्तर बरोबर. "शाब्बास."
१०:१४. पुढचा प्रश्न. तोच हात.
१०:१९. एकूण प्रश्न सात, उत्तरं देणारी मुलं तीन. वर्गात चाळीस.

या पानावर लॉग बुकात, म्हणजे वर्गभेटीचे शेरे लिहायच्या वहीत, सहसा काय शेरा पडतो? 'विद्यार्थी सहभाग वाढवावा.' सही, तारीख, झालं. शिक्षक वाचतो, खाली सही करतो, आणि उद्याचा तास कालच्यासारखाच घेतो, कारण उद्या दहा वाजून बारा मिनिटांनी वेगळं नेमकं काय करायचं ते त्या शेऱ्यात कुठेच नाही.

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, वीस मिनिटं बोलायचं. शिक्षकाच्या रिकाम्या वर्गात. कार्यालयातल्या टेबलापलीकडे बसलेला शिक्षक चर्चेला आलेला नसतो, खुलासा द्यायला आलेला असतो. आधी पान दाखवायचं, मग विचारायचं: "सर, या सात मिनिटांत तीनच मुलं बोलली. बाकीच्या सदतीस जणांना जमतंय की नाही, हे तुम्हाला कशावरून कळलं?" आणि गप्प बसायचं. बहुतेक शिक्षक स्वतःच दुखणं सांगतात.

मग बदल एकच द्यायचा. इथे तो असा: प्रश्न विचारायचा, तीन सेकंद थांबायचं, सगळ्यांनी उत्तर वहीत लिहायचं, शिक्षकाने दोन रांगांतून फिरून वह्या बघायच्या आणि त्यानंतर नाव घेऊन एकाला विचारायचं. तीन सेकंद हवेतून आलेले नाहीत. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं की उत्तरं लांबली, उत्तरच न येण्याचं प्रमाण घटलं. पण चाळीस मुलांसमोर तीन सेकंदांची शांतता अंगावर येते. म्हणून ती त्याच रिकाम्या वर्गात तालमीसारखी करून बघायची: फळ्यापाशी उभं राहून प्रश्न, मनात एक-दोन-तीन, मग 'लिहा'. पहिल्यांदा दोघांनाही हसू येतं. येऊ द्यावं, पण तालीम सोडू नये. चर्चेत पटलेली गोष्ट वर्गात न उतरण्याचं मुख्य कारण हेच, की ती एकदाही करून पाहिलेली नसते.

उठण्यापूर्वी पुढच्या भेटीची तारीख ठरवायची, सात ते दहा दिवसांतली. पुढच्या वेळी बघायचं ते तेवढं एकच. इतर काही खटकलं तरी जीभ आवरायची. हे फार अवघड जातं, विशेषतः फळ्यावरचं अक्षर वाईट असेल तेव्हा.

हिशेब जमतो का? चोवीस शिक्षक, रोज दोन भेटी, आठवड्याला दहा. म्हणजे प्रत्येकाची पाळी साधारण अडीच आठवड्यांनी येते. भेट आणि चर्चा मिळून चाळीस मिनिटं, दोन भेटींची ऐंशी. उपमुख्याध्यापक आणि पर्यवेक्षकांनी वाटून घेतलं तर माणशी वेळ आणखी कमी. नव्या शिक्षकांकडे दर आठवड्याला जावं, मुरलेल्यांकडे महिन्यातून एकदा गेलं तरी चालतं. मात्र या तासिका मुख्याध्यापकाच्या वेळापत्रकात छापलेल्या हव्यात, आणि त्या वेळात पालक, कंत्राटदार, फोन, सगळ्यांना बाहेर थांबवायचं हे कार्यालयाला पक्कं सांगितलेलं हवं. 'वेळ मिळाला की जाईन' असं ठरवणाऱ्याला वेळ मिळत नाही.

बिघडतं कुठे? एका बैठकीत पाच मुद्दे सांगितले जातात आणि एकही रुजत नाही. मार्गदर्शनाची वही आणि गोपनीय अहवालाची, म्हणजे शिक्षकाच्या कामाच्या अधिकृत मूल्यमापनाची, वही एकच असते, मग शिक्षक अडचण सांगेलच कशाला? तिसरं जरा नाजूक: भाषेचा मुख्याध्यापक विज्ञानाच्या तासाला बसतो तेव्हा त्याला शिस्त दिसते, चुकीची संकल्पना दिसत नाही. तिथे विषयप्रमुखाला बरोबर न्यावं. त्यात कमीपणा नाही.

बुधवार

वाया जाणाऱ्या वेळेचा एक छोटा गुणाकार. तासिका ३५ मिनिटांची, दिवसाला आठ. प्रत्येकीत पाच मिनिटं गळतात असं धरू: शिक्षक दुसऱ्या मजल्यावरून येतोय, हजेरी, मध्येच सूचनेचा कागद घेऊन आलेला शिपाई, ध्वनिक्षेपकावरची घोषणा. दिवसाला ४० मिनिटं. वर्षाच्या दोनशे दिवसांत ८,००० मिनिटं. भागिले दिवसाची २८० मिनिटं, म्हणजे साडेअठ्ठावीस दिवस. जवळजवळ सव्वा महिन्याची शाळा गळून गेली आणि सुट्टीच्या यादीत त्याची नोंदही नाही. आठवडाभर घड्याळ लावून मोजावं, म्हणजे आपल्या शाळेचा आकडा कळेल. सूचना दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी. लागोपाठच्या तासिका शक्यतो एकाच मजल्यावर.

शुक्रवार

घटक चाचणीचे निकाल लागले की मुख्याध्यापकाच्या टेबलावर सरासरी येते. 'सहावी, गणित, ५४ टक्के.' या आकड्याचं करायचं काय? शिक्षकाला बोलावून 'निकाल सुधारा' म्हणणं एवढंच त्यातून निघतं. गुणतक्ता बाजूला ठेवून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मागवावा.

तीच बेरीज घेऊ, तीन छेद चार अधिक एक छेद दोन. चाळीसपैकी बावीस जण चुकले असं समजा. त्यातल्या सतरा जणांनी चार छेद सहा लिहिलं आहे: अंशात अंश, छेदात छेद मिळवून मोकळे. पाच जणांनी चार छेद चार लिहिलं: छेद सारखा केला, पण एक छेद दोनचा अंश बदलायला विसरले. गुणतक्त्यात दोन्ही चुकांना शून्यच, पण दुखणी वेगळी आणि औषधंही. पाच जणांना पाच मिनिटांचा सराव पुरेल. सतरा जणांना अपूर्णांक ही एक संख्या आहे हेच उमगलेलं नाही. त्यांना पुन्हा लसावि शिकवून उपयोग नाही. कागदाची पट्टी द्यायची आणि विचारायचं: पाऊण पट्टीला अर्धी पट्टी जोडली आणि उत्तर पाऊणपेक्षाही लहान कसं आलं? पाऊण नि अर्धा मिळून सव्वा हे तोंडी सांगणारं पोर कागदावर चार छेद सहा लिहितं, हे शिक्षकाने एकदा पाहिलं की पुढचा पाठ तो आपोआप वेगळा बांधतो. दहा दिवसांनी त्याच प्रकारच्या तीन बेरजा परत द्यायच्या. ही फेरचाचणी गाळली तर बाकीची मेहनत नुसती समाधानापुरती राहते.

पण हे एकट्याने होत नाही. एकच इयत्ता, एकच विषय शिकवणारे दोघे-तिघे एकत्र बसायला हवेत, आणि त्यांना सामाईक ऑफ तासिका नसेल तर बसणार कधी? म्हणून वेळापत्रक करताना या सामाईक तासिका सगळ्यांत आधी टाकायच्या, बाकीचं नंतर भरायचं. उरलेल्या जागी बसवू म्हटलं तर उरत काही नाही. आणि कोणी रजेवर गेलं की पहिला घाला याच तासिकेवर पडतो, बदली तास म्हणून. तो बदली तास मुख्याध्यापकाने स्वतः घेतला तर त्या तासिकेची किंमत सगळ्या शिक्षकखोलीला कळते.

स्वतःही या बैठकीत बसावं, तेही शिकायला. रॉबिन्सन, लॉइड आणि रो यांनी २००८ साली नेतृत्वाच्या पाच अंगांची तुलना केली. शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात स्वतः सामील होणं, याच्या मुलांच्या शिकण्यावरच्या परिणामाचं माप (इफेक्ट साइज; आकडा मोठा तितका परिणाम जास्त) आलं ०.८४. स्पष्ट उद्दिष्टं ठरवण्याचं ०.४२. शिस्तबद्ध, सुरक्षित वातावरणाचं ०.२७. मोजक्या अभ्यासांवरचे आकडे आहेत, दशांशावर वाद घालू नये, पण क्रम बोलका आहे. प्रशिक्षणाला उद्घाटनाचे चार शब्द बोलून निघून जाणाऱ्या मुख्याध्यापकाला आपला शिक्षक कुठे अडतो ते कधीच कळत नाही.

शनिवार

दोन-तीन सुट्या गोष्टी.

वर्गवाटप. परीक्षेच्या दबावाखाली सगळी चांगली माणसं वरच्या वर्गांना दिली जातात आणि पहिली-दुसरीला उरलेली. दोन वर्षं निकाल बरा दिसतो. मग न वाचता येणारी मुलं वर सरकत येतात, आणि तेव्हा उत्तम शिक्षकही काही करू शकत नाही. माझं मत विचाराल तर शाळेतला सर्वांत कसलेला वाचन शिकवणारा पहिलीला हवा. सर्वांत अवघड तुकडी नव्या शिक्षकाच्या गळ्यात घालण्याची रीतही बंद व्हावी.

गैरहजेरी. शाळेची सरासरी हजेरी ९२ टक्के दिसली की सगळे निश्चिंत, पण ती सरासरी मोजक्या मुलांची दांडी झाकते. यादी मुलांच्या नावांनी बघावी. पहिल्या वीस दिवसांत दोन दिवस चुकलेलं मूल म्हणजे दहा टक्के गैरहजेरी. त्याच आठवड्यात घरी फोन. सूर चौकशीचा, धमकीचा नव्हे. सहामाहीनंतर फोन करून काही हाती लागत नाही.

आणि बदली. मुख्याध्यापक गेला की चालू असलेलं बरंच काही थांबतं. नवा माणूस नव्या कल्पना घेऊन येतो, शिक्षक 'हेही दिवस जातील' म्हणून वाट बघत बसतात. जाणाऱ्याने किल्ल्या, रोकडवही आणि साहित्य नोंदवही सोपवावीच. त्याबरोबर एक साधा तक्ताही द्यावा: चोवीस ओळी, प्रत्येकीत शिक्षकाचं नाव, त्याच्याशी सध्या चालू असलेला एकच मुद्दा, आणि वर्गात जाण्याची पुढची तारीख.