ई-पेपर मॉनिटर घेताना केलेला किमतीचा हिशोब : माझा अनुभव

माझं काम मुद्रितशोधन आणि भाषांतराचं. समोर सतत मजकूर असतो, चित्रं किंवा व्हिडिओ क्वचितच. संध्याकाळी डोळे चुरचुरायला लागले तेव्हा आधी नेत्रतज्ज्ञांकडे गेले. चष्म्याचा नंबर बरोबर होता. स्क्रीनकडे एकटक बघताना पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात, असं त्यांनी समजावलं. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांब बघायची सवय लावून घ्यायला सांगितलं. तिचा उपयोग झाला, आजही होतो. पण लांबलचक प्रुफं मी शेवटी छापूनच वाचत होते, कारण कागदावर चुका दिसतात. म्हणून ई-पेपर मॉनिटरकडे, म्हणजे ई-रीडरसारखा कागदासारखा दिसणारा पडदा असलेल्या मॉनिटरकडे, वळले. डोळ्यांवरचा इलाज म्हणून नाही, कागदाऐवजी काही मिळतं का हे बघायला.

किमती बघितल्या आणि तिथेच अडले. ऑनिक्स या कंपनीचे बूक्स मीरा हे ई-पेपर मॉनिटर २०२१ मध्ये आले, तेव्हा १३.३ इंचीची किंमत ८०० डॉलरच्या आसपास होती आणि २५.३ इंची मीरा प्रोची १,८०० च्या आसपास. २४ इंची साधा फुल एचडी एलसीडी मॉनिटर सव्वाशे डॉलरच्या आत-बाहेर मिळतो. नुसते आकडे शेजारी ठेवून काही कळेना, म्हणून मी क्षेत्रफळ काढलं. १३.३ इंची पडदा म्हणजे साधारण ८५ चौरस इंच, ए-फोर कागदाहून थोडा लहान. म्हणजे चौरस इंचाला नऊ डॉलरच्या वर. २५.३ इंचीला साडेसहा डॉलर पडतात. एलसीडीला जेमतेम अर्धा डॉलर! मोठा ई-पेपर मॉनिटर इंचामागे स्वस्त दिसतो खरा, पण मला एवढे चौरस इंच हवेत का, हा प्रश्न आधी सोडवायला हवा होता.

एवढा फरक का, हे समजून घेतल्याशिवाय पैसे घालवायचे नाहीत असं ठरवलं होतं. ई-पेपरमध्ये काळे आणि पांढरे विद्युतभारित कण सूक्ष्म कुप्यांमध्ये तरंगत असतात. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड वापरतात. व्होल्टेज बदललं की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्याचे खाली जातात आणि पुढचा आदेश येईपर्यंत तिथेच राहतात. हा थर प्रामुख्याने एकच कंपनी बनवते, ई इंक. एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून ती १९९७ मध्ये उभी राहिली आणि २००९ मध्ये तैवानच्या कंपनीने विकत घेतली. मागणीतला मोठा वाटा लहान पडद्यांचा आहे : ई-रीडर आणि दुकानांतल्या फळ्यांवरची किमतीची लेबलं. मोठे पडदे थोडेच बनतात, आणि मोठ्या पडद्यात एक दोष निघाला तरी सगळा पडदा बाद होतो. एलसीडीचे सर्वांत मोठे कारखाने जवळजवळ तीन मीटर रुंद काचा कापून लाखोंनी पॅनेल काढतात. शिवाय हे कण हलवायला अधिक १५ आणि उणे १५ व्होल्टच्या आसपासचा दाब लागतो. कोणत्या तापमानाला किती वेळ दाब द्यायचा याचे तक्ते लागतात. त्यासाठीचं नियंत्रक सर्किट वेगळंच असतं. ही कारणं कळल्यावर किंमत अवाजवी वाटेनाशी झाली, तरी जास्त आहे हे उरलंच.

विजेची बचत होऊन किंमत वसूल होईल का, हाही हिशोब केला. चित्र टिकवायला ई-पेपरला वीज लागत नाही, हे खरं. पण २४ इंची एलसीडी २० वॉट घेतो असं धरलं, रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस, तर वर्षाला ४८ युनिट होतात. ई-पेपरने शून्य वीज घेतली असं मानलं तरी या बचतीतून किंमतीतला फरक भरून निघायला आयुष्य पुरणार नाही. मॉनिटर म्हणून वापरताना तर पडदा सारखा बदलत असतो, त्यामुळे ती बचतही पूर्ण हाती लागत नाही.

मग खरा निर्णय चाचणीने झाला. एका मैत्रिणीकडे अँड्रॉइडवर चालणारा ई-पेपर टॅबलेट होता. स्पेसडेस्क हे अॅप टाकून तो माझ्या संगणकाचा दुसरा पडदा केला आणि त्यावर खरं काम केलं. ज्यांना मॉनिटर घ्यायचा आहे त्यांना मी आग्रहाने हेच सांगेन, कारण पडद्याचा संथपणा वर्णन वाचून समजत नाही. पूर्ण दर्जाने चित्र बदलायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो. वेगवान मोड आहेत, पण त्यांत राखाडी छटा जातात, पिक्सेल फक्त काळा किंवा पांढरा उरतो. देवनागरीला हे फार जाचतं. अक्षरांच्या कडांची छटा गेली की बारीक टाइपातला रफार तुटतो, अनुस्वार आणि पडद्यावरचा डाग यांत गल्लत होते. मागच्या पानाची पुसट सावलीही उरते, ती मधूनमधून साफ करावी लागते. मुद्रितशोधकाला असा डाग परवडत नाही. १६ राखाडी छटांच्या मोडमध्ये मात्र तोच मजकूर छापल्यासारखा दिसला. खिडकीजवळ बसले तर आणखी चांगला.

यातून माझ्यापुरती गोष्ट स्पष्ट झाली. ई-मेल, शब्दकोश शोधणं, फाइली हलवणं, टाइप करणं ही कामं एलसीडीवरच राहणार, वाचन तेवढं ई-पेपरवर जाणार. म्हणजे ई-पेपरची किंमत साध्या मॉनिटरच्या जागी धरायची नाही, त्याच्या किमतीत मिळवायची. तुलना करताना हेच सुटतं असं मला वाटतं. आणि वाचायला एका वेळी एक पान पुरतं, म्हणून मी १३.३ इंची घेतला. त्याची घनता इंचाला २०७ पिक्सेल, तर २५.३ इंचीची १४५ आहे. साध्या २४ इंची फुल एचडीची ९२ असते. म्हणजे बारीक अक्षरांसाठी लहान पडदाच सरस, आणि पैसेही निम्म्याहून कमी. रंगीत ई-पेपरचा विचार सोडला. अशा बहुतेक मॉनिटरमध्ये रंगासाठी वर रंगांची गाळणी (कलर फिल्टर) बसवतात, त्याने पांढरा भाग काळवंडतो.

मागवण्याआधी परतीचा खर्च कोणाचा, वॉरंटीत पडदा फुटणं येतं का आणि आयात शुल्क किती पडेल, हे लेखी विचारून घेतलं. मॉनिटरमध्ये पडद्याचा पॅनेलच सर्वांत महाग, त्यामुळे तो फुटला तर दुरुस्तीत फार काही वाचत नाही.

आता जमलेली मांडणी अशी : कर्सरची उघडझाप बंद, खिडक्यांची सरकती हालचाल बंद, पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, अक्षरं एक पायरी ठळक. चाक फिरवून मजकूर सरकवायचा नाही, पेज डाउनने पानच उलटायचं. मॉनिटरमध्ये समोरून उजेड देणारे दिवे आहेत, पण मी बहुतेक वेळा टेबलावरचाच दिवा लावते. छापून वाचायची प्रुफं पुष्कळ कमी झालीत. तक्ते आणि अगदी बारीक टाइपातल्या तळटीपा असलेलं काम मात्र अजून कागदावरच करते.