मीटर म्हणतं ठीक, आजी म्हणतात डोकं उठलंय

पणजीतल्या मळा भागात साउंडवॉक होता, म्हणजे आठ-दहा लोकांनी तोंड मिटून चालायचं, ठरलेल्या जागी थांबून तीन मिनिटं नुसतं ऐकायचं आणि कसं वाटलं ते फॉर्मवर लिहायचं. पहिल्यांदा मलाही हा येडेपणाच वाटलेला. पण आयएसओ १२९१३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या पहिल्या भागात (२०१४) साउंडस्केपची, म्हणजे एखाद्या जागेच्या एकूण आवाजाची, व्याख्याच अशी आहे की माणसाला त्या जागी काय जाणवतं ते धरायचं, नुसते डेसिबल नाहीत.

मी कन्सल्टंट; मला काम देणाऱ्यांना आवाज अडवायला रस्त्याकडेला भिंत हवी होती. आवाज म्हणजे ट्रॅफिक, विषय संपला.

रस्त्यालगत मीटरवर ६६ डेसिबल, त्यात पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरनं पों पों करत आला, आकडा टुणकन वर, आणि एक काका गप्प राहायचा नियम विसरून ओरडले, "पोदेर आयलो!" फॉर्मवर झाडून सगळ्यांनी 'छान' लिहिलं.

मग आतली गल्ली. मीटर ५४. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे कायद्याने आलबेल. आणि सगळ्यात वाईट मार्क इथेच. दारातल्या आजी म्हणाल्या, "बाबा, दिवेलागणीला डोकं उठतं रे."

शोधलं तर मागच्या हॉटेलच्या कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर, घुंऽऽऽ. आजींच्या भिंतीला हात लावला तर तळव्याला मुंग्या. खालचे रबर पॅड चेपून पार दगड झालेले, सगळी थरथर थेट भिंतीत. गोम अशी की मीटरचं ए-वेटिंग, म्हणजे माणसाच्या कानासारखं मोजायला लावलेली चाळणी, खर्जाच्या आवाजाला फार कमी धरतं, १०० हर्ट्झला तर जवळपास १९ डेसिबल कापतं, त्यामुळे कागदावर ५४ आणि आजींच्या डोक्यात गिरणी. वर असली घरघर बाकीचे बारीक आवाज गिळून टाकते ते वेगळंच.

मालकाला विनवून दोन मिनिटं बंद करायला लावला. मासळी आहे आत, म्हणून कुरकुरला.

बंद झाला आणि बुलबुल ऐकू आले, कुठेतरी नारळ खवणल्याची खर्र खर्र, आणि वरनं देवळातली घंटा. आजी पायरीवर टेकल्या. "ही घंटा इथवर येते?"

सून म्हणाली, "आई, रोज वाजते हो."

रिपोर्टमधनं भिंत काढली, चार रबर माउंट लिहिले. दुसऱ्या दिवशी फोन, एवढ्यासाठी कन्सल्टंट कशाला लागतो म्हणून.