सहा बाकांचे चोवीस पाय

शाळेमागच्या कडुनिंबाखाली तिसरीचा वाचनाचा तास भरवायचा, बाकं आठवीच्या मुलांनी करायची, असं ठरलं. पहिल्याच दिवशी मुलं कागदावर संखेडा गावच्या लाखकामाचा झोपाळा काढून मोकळी! त्यांचा काय दोष, बडोद्यात ते लाल-सोनेरी फर्निचर बघतच वाढलीत. सुतारकाका हसले. "बेन, ही लाख. उन्हात मऊ पडते, पाण्यानं पांढरी होते. ती घरातच शोभते." (काका मराठीच, पण इथल्या सवयीनं मला बेन म्हणतात.)

मग चित्रं बाजूला आणि टेप हातात. तिसरीच्या बारा जणांची गुडघ्यामागची उंची मोजली. बहुतेकांची ३० ते ३५ सेंटिमीटर. घरच्या खुर्चीची ४५च्या आसपास असते, म्हणजे एवढ्यांचे पाय लोंबकळणारच. आधी फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं पूर्ण मापाचं बाक केलं. एकजण बसला आणि ते आडवं झालं. पायांमध्ये तिरकी पट्टी घातल्यावर टिकलं.

लाकूड मिळालं दांडिया बाजारात पाडलेल्या एका जुन्या घराचं. अस्सल सागवान, पण खिळ्यांनी भरलेलं. एक खिळा राहिला आणि काकांच्या रंध्याच्या पात्याला खोक पडली. काका दिवसभर गप्प होते. मला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

पुढचं काम भराभर झालं. आधी भोक पाडून मग स्क्रू, नाहीतर फळी टोकाला फाटते. फळ्यांमध्ये बोटभर फट, पावसाचं पाणी साचू नये म्हणून. व्हरांड्याच्या फरशीवर सहाही बाकं गुण्यात, म्हणजे अगदी काटकोनात. झाडाखाली नेली आणि सगळी डुगडुगायला लागली. मुळांमुळे जमीन कुठेच सपाट नाही! पायाखाली विटांचे तुकडे सारले, ते रोज सरकायचे.

शेवटी एक एरवी न बोलणारी मुलगी म्हणाली, "बाई, आजीची तिपाई कुठेही ठेवा, डुगडुगत नाही." खरंच की! तीन पाय कशाही जमिनीवर टेकतातच. चौथा हवेत राहतो. काकांनी एकच भर घातली: तिपाई कडेवर बसलं की कलंडते, तेव्हा पाय बाहेर फाकवा.

बाकं मोडताना दोघं रडवेली झाली होती. सहा बाकांचे चोवीस पाय, म्हणजे आठ तिपाया. बाकांवर बाराही जण बसायचे. आता चौघांना मुळांवर बसावं लागतं, आणि रोज भांडण होतं ते मुळांवरच्या जागेसाठी.